साठ कुठं कुठं भेटतं

इंग्रजी पाचवीच्या, म्हणजे आताच्या नववीच्या, पहिल्या चाचणीत मला बीजगणितात पन्नासपैकी नऊ गुण मिळाले. संगमनेरच्या शाळेत आमच्या वर्गात तीनच मुली होत्या. मुलींना बीजगणित सोडून नुसतं अंकगणित घेण्याची सवलत होती आणि बाकीच्या दोघींनी ती घेऊन टाकली होती. हेडमास्तरांनी माझ्या वडिलांना बोलावून सांगितलं, "सहामाहीला पास झाली नाही तर हिलाही तिकडेच बसवू." बीजगणित सुटलं की पुढे कॉलेजात सायन्स मिळणार नव्हतं. मला सायन्सच घ्यायचं होतं. हातात सात आठवडे होते.

याद्या करायची सवय मला तेव्हापासूनची. महायुद्धामुळे कागद मिळत नसे, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी दोन रकाने आखले, येतं आणि येत नाही. कंस सोडवणं येत होतं, साधी समीकरणं येत होती. दुसऱ्या रकान्यात एकच गोष्ट उरली, वर्गत्रिपदीचे अवयव पाडणं. पण पुढचं निम्मं पुस्तक तिच्यावरच उभं होतं.

रीतसुद्धा पाठ होती. क्ष वर्ग अधिक तेरा क्ष अधिक छत्तीस असेल तर अशा दोन संख्या शोधायच्या, ज्यांचा गुणाकार छत्तीस आणि बेरीज तेरा. त्या संख्याच मला सापडत नसत. वडील खेड्यात प्राथमिक शिक्षक होते आणि मी चौथीपर्यंत त्यांच्याच शाळेत. तीसपर्यंतचे पाढे आम्ही रोज सुटायच्या आधी एका सुरात म्हणायचो. त्यामुळे पाढा मला डोक्यापासूनच म्हणता यायचा, मधूनच उचलता येत नसे. छत्तीस दिसलं की मी बे एके बे सुरू करी, मग तीन एके तीन, मग चार. चार नवे छत्तीसपर्यंत पोचेस्तोवर मास्तर फळा पुसून पुढे गेलेले असत. "बाईंची बैलगाडी कुठवर आली?" ते विचारीत. "सातच्या पाढ्यात रुतली, सर," मागून कोणीतरी सांगे.

रविवारी सकाळी मी ओट्यावर हेच करत बसले होते. शेजारी आत्या मटकी निवडत होती. ही वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिला अक्षरओळख नव्हती.

"काय पुटपुटतीस मघाधरनं?"

"छत्तीस शोधतेय, आत्या."

"त्यात काय शोधायचं? अठरा दुणे छत्तीस, बारा त्रिक छत्तीस, नऊ चोक छत्तीस, सहा सक छत्तीस." सूप झाडता झाडता ती म्हणाली.

मी पाटी खाली ठेवली. "तू कुठं शिकलीस?"

"तुजा बा आन् त्याचे भाऊ ओसरीवर वरडायचे. मला कोन बसू देतंय? पानी आनताना, शेन काढताना जेवढं कानावर पडंल तेवढं घेतलं. कधी शेपूट, कधी मधलंच. डोकं न्हाईच सापडलं कधी."

म्हणजे पाढा डोक्यापासून मिळाल्यामुळे मला जे येत नव्हतं, ते डोकं न सापडल्यामुळेच तिला येत होतं. मी त्याच दिवशी नवी यादी घेतली. चारपासून शंभरपर्यंतची संख्या डावीकडे, ती ज्या ज्या पाढ्यांत भेटते त्या जोड्या पुढे, आणि प्रत्येक जोडीची बेरीज आणि वजाबाकी. रॉकेल रेशनचं, म्हणून सगळं उजेडात उरकायचं. सकाळी आत्या मला संख्या घालायची, मी जोड्या सांगायच्या. चुकले तर ती म्हणायची, "डोक्यापासनं निगालीस बग. शेपटीला धर."

वजाचं चिन्ह आलं तिथे मी पुन्हा अडखळले. शेवटचं पद वजा असेल तर एक संख्या अधिक, दुसरी वजा, आणि मधलं पद म्हणजे दोघींतला फरक. हे तिला समजावता समजावता माझंच गाडं अडलं. तिने थोडा विचार केला. "म्हंजी दोघांचं भांडान हाय. मोठा ज्या बाजूला, त्या बाजूची सरशी. मधी तेच दिसनार." पुस्तकात याला अर्धं पान लागलं होतं.

सहामाहीत अवयवांची पाच उदाहरणं विचारली होती. चौथं होतं क्ष वर्ग वजा अकरा क्ष वजा साठ. हात सवयीने बे एके बेकडे जाऊ लागला. मी लेखणी खाली ठेवली आणि साठ कुठं कुठं भेटतं ते आठवलं. तीस दुणे, वीस त्रिक, पंधरा चोक. फरक अकरा. मोठा वजाच्या बाजूला. क्ष वजा पंधरा, क्ष अधिक चार. गुणून ताळा पाहिला आणि पाचव्याकडे वळले.

पन्नासपैकी एकतीस मिळाले. पहिला नंबर वगैरे काही नाही, पण माझं नाव बीजगणिताच्या हजेरीपटावर राहिलं. घरी आले तेव्हा आत्या चुलीपुढे होती. मी गुण सांगितले. ते किती चांगले, हे तिने विचारलं नाही.

"अवघड काय आल्तं?"

"वजा साठ. मधे वजा अकरा."

तिने भाकरी उलटली. "पंदरा चोक," ती म्हणाली. "पंदरा वजात." आणि मला पाटावर बसायची खूण केली.