आप्पांच्या स्लॅबवरचा झेंडा

बोटवाले आप्पा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं पांढरा युनिफॉर्म, खांद्यावर सोनेरी पट्टे आणि मागं निळाशार समुद्र आला असणार. पुसून टाका. आमचे आप्पा निपाणीचे. समुद्र बघायचा तर इथून आख्खा घाट उतरावा लागतो. जन्मभर बोटीच्या इंजिनात राबलेला हा माणूस बारा महिने कानाला मफलर गुंडाळायचा आणि त्याला पोहता येत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "पोहता येत न्हाय म्हणून तर बोटीत बसलो. तुला उडता येतंय व्हय? तरी विमानात बसशीलच की."

गल्लीत कुठलीही गाडी थांबली की आप्पा आधी तिच्या मागं जाऊन बघायचे. "बोटीचं गाव मागं लिवलेलं असतंय रं, संज्या."

संज्या म्हणजे मी. आप्पांचा शेजारी, मोबाईलच्या दुकानात बसतो आणि निम्म्या गावाच्या नकला करतो. एकदा आप्पांच्या आवाजात मी भिंतीपलीकडून त्यांच्या बायकोला, आक्कांना, चहा सांगितला, तर आक्कांनी टाकला पण. आप्पा तो पिऊन बाहेर आले आणि म्हणाले, "आवाज जमलाय. खोकला जरा कमी कर."

तर बोटीचं गाव. मी विचारलं, "तुमच्या बोटीवर काय लिवलेलं?"

"माजुरो."

"ते कुठं आलं?"

"मालक ग्रीक, कप्तान पोलंडचा, इंजिनात मी निपाणीचा. आणि बोटीच्या ढुंगणावर माजुरो. मार्शल बेटांची राजधानी. बोट जन्मात तिकडं गेली न्हाय, आणि मी बी न्हाय."

मला लगेच कळलं. आमचा मामा निपाणीचा, घर निपाणीत, पण त्याच्या गाडीवर कोल्हापूरचा नंबर. टॅक्स कमी पडतो म्हणून. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आप्पा हसले. "व्हय, तसंच. पण बोटीचं एक न्यारं हाय. बोटीवर ज्याचा झेंडा, त्याचाच कायदा. इंजिन तपासायचं त्यांनी, खलाशी मेला तर चौकशी त्यांनी करायची. आपल्या निपाणीपेक्षा कमी माणसं त्या देशात, आणि जगातल्या लई बोटी फी भरून त्यांच्या नावावर."

मी चाटच पडलो. खरा धक्का पुढंच होता.

कोरियाच्या एका बंदरात आप्पांना त्या बेटावरचा एक खलाशी भेटलेला. बोटीच्या मागं आपल्या गावाचं नाव बघून तो थांबला. म्हणाला, "आमच्या गावात रस्त्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूला पाणी दिसतं. आता ते पाणी स्मशानात शिरलंय. माझ्या आज्याचं थडगं समुद्रात गेलं."

"आणि मी त्याच्याच गावाच्या नावाखाली धूर सोडत होतो," आप्पा म्हणाले. एवढं बोलून त्यांनी मफलर सोडला आणि परत गुंडाळला.

आणि त्याच देशानं लंडनात, जगातल्या बोटींचे नियम ठरतात तिथं उभं राहून सांगितलं: बोटींच्या धुरावर कर लावा. आमच्या झेंड्याखालच्या बोटींवर पण! मी म्हटलं, "अहो आप्पा, मग बोटी दुसऱ्या झेंड्याखाली पळतील की!"

"म्हणून तर सगळ्यांवर लावा म्हणतात. धंदा हातात हाय, पण पायाखालची जमीन चाललीय, संज्या."

लंडनात ह्यावर मत पडायचं होतं, त्या दिवशी आप्पांनी स्लॅबवर बांबू उभा करून त्या बेटांचा झेंडा लावला. निळा, त्यावर तिरपे भगवे-पांढरे पट्टे, कोपऱ्यात चांदणी. आणि निकाल बघायला खाली मोबाईल घेऊन बसले.

आता आमच्या भागात घरावर नवीन झेंडा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. इथं दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरावरून दगड उचलतात. तासाभरात पोरं जमली. एका गटाला त्यातला भगवा खटकला, दुसऱ्याला निळा. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही गट आप्पांच्या दारात खांद्याला खांदा लावून उभे! कुणीतरी ओरडलं, "म्हातारा कुठल्या पार्टीत गेला रं?" एकानं दगड उचललेला मी डोळ्यांनी बघितला.

मी जिन्याआड गेलो आणि आमच्या फौजदारांच्या आवाजात कानडीत गरजलो, "ए! नडीरी, नडीरी!" म्हणजे चला, निघा. गर्दी दोन पावलं मागं हटली. मी खूश. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी खरी जीप थांबली आणि खरा आवाज आला, "यार मनी इदु?" कुणाचं घर हे?

मी स्लॅबवर पळालो, झेंडा ओरबाडला, गोळा करून शर्टात कोंबला. फौजदार वर आले, रिकामा बांबू बघितला, माझं वाढलेलं पोट बघितलं आणि जिना उतरून जीपकडं गेले. पोरं पांगली. आप्पांना आपण वाचवलं म्हणून छाती फुगवून मी खाली आलो आणि शर्टातून झेंडा काढून पुढं धरला.

आप्पांनी मोबाईल पालथा ठेवला. "मत वर्षभर पुढं ढकललं," ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या झेंड्याकडं बघितलं. एवढा पांढरा पडलेला माणूस मी कधी बघितला नव्हता.

"कुणी उतरवला?"

"मी. आप्पा, दगड पडणार होता वो..."

"पडू दे की! दिवसाढवळ्या झेंडा असा ओरबाडून कधी काढतात ठावं हाय? बोट भंगारात मोडायला घेतली की. तिकडं थडगी वाहून चाललीत, तरी ती माणसं अजून उभी हाईत, पुढच्या वर्षी परत बोलणार हाईत. आणि तू दोन पोरांच्या एका दगडाला भिऊन त्यांना इथं निपाणीत बुडवलास व्हय रं?"

"फौजदार..."

"फौजदाराला मी सांगितलं असतं. त्यानं विचारलं असतं, मी बोललो असतो. तुला बोलायला जमतंय कुठं? दुसऱ्याचा आवाज काढायला जमतंय फकस्त!"

आक्का आतून म्हणाल्या, "आवो, पोरगं हाय, सोडा."

"घोडा झालाय तो! हो वर. घडी सरळ कर, चांदणी वरच्या अंगाला आली पाहिजे. बांध, आणि तिथंच थांब. कुणी विचारलं कुणाचा झेंडा, तर सांग. आणि खबरदार माझ्या आवाजात बोललास तर!"