शांताला मी विचारलेला प्रश्न

"आजी, आवाज बसून किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाले असतील दोनेक आठवडे," मी घोगऱ्या आवाजात ठोकून दिलं.

"पाच महिने," शेजारून सून म्हणाली.

नाकातून बारीक नळीसारखी दुर्बीण घालून घसा बघतात, तिला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. फार दुखत नाही, डोळ्यांतून पाणी मात्र येतं. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्वरयंत्राच्या डाव्या पट्टीवर पांढरट, खरखरीत डाग होता.

"तुकडा तपासायला पाठवू. पण मला हा कॅन्सर वाटतोय. सुरुवातीचा आहे. मात्र पाच महिने थांबायला नको होतं."

मग त्यांनी विचारलं, तंबाखू? मी नाही म्हणून मान हलवली. मशेरी? पुन्हा मान हलवली. सून छताकडे बघत म्हणाली, "फक्त सकाळी. आणि दुपारी. आणि जेवल्यावर." त्यानेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण आजपासून बंद म्हणाले.

तुम्ही विचाराल, पाच महिने काय करत होतीस? ज्येष्ठमध चघळत होते आणि लपवत होते.

मुलुंडच्या आमच्या चर्चच्या मंडळीत दुखणाइतांसाठी प्रार्थना करणारी बाई म्हणजे मी. रविवारी उपासनेत प्रार्थना-विनंतीच्या चिठ्ठ्या वाचते तीही मीच. दुसऱ्यांसाठी आरोग्य मागणारी बाई स्वतःच आजारी, हे सांगणार कसं? मग मी चिठ्ठी लिहिली: 'एका भगिनीच्या घशासाठी.' आणि ती त्याच फुटक्या आवाजात वाचून दाखवली. सगळी मंडळी गंभीरपणे आमेन म्हणाली. त्या भगिनीचा पत्ता कोणाला लागला नाही, असं समजणारी त्या चर्चमध्ये एकटी मीच होते.

हा गर्व आजचा नाही. चाळिशीतली मी तुम्ही बघायला हवी होती. कडक इस्त्रीची पांढरी साडी, काखेत बायबल, आणि हॉस्पिटलात चालणं असं, की वॉर्डबॉयसुद्धा बाजूला व्हायचे. पेशंटच्या उशाशी उभी राहिले की अर्धा तास प्रार्थना. चहावर साय धरायची. नर्स म्हणायची, "मावशी, जरा हळू." मी आवाज आणखी चढवायचे. देवाला कमी ऐकू येतं अशी माझी समजूत असावी.

त्या वर्षांत शांता आजारी पडली. शांता माझी धाकटी जाऊ. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मी तिच्यासाठी सात शुक्रवार प्रार्थना केली आणि ती काही सुधारेना. बायका विचारायला लागल्या, काय हो, शांता कशी आहे? मला माझीच लाज वाटायला लागली. मग एका संध्याकाळी मी तिच्या पलंगाशी उभी राहून विचारलं, "शांता, मनात एखादं पाप राहिलंय का गं? कबूल करून टाक. त्याशिवाय देव बरं कसं करणार?"

ती तीन आठवड्यांनी गेली.

हे मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

बायोप्सी, म्हणजे तुकडा काढणं, भूल देऊन झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर एक शब्द नाही. कुजबुजही नाही." सुनेने मला वही आणि पेन दिलं आणि पहिल्यांदाच घरात तिला बोलायला मिळालं.

तिसऱ्या दिवशी रूथ आली. रूथ शांताची मुलगी, नाहूरला राहते. आई गेली तेव्हा तेरा वर्षांची होती. येताना पातळ पेज घेऊन आली.

बोलता येत असतं तर मी आधी स्तोत्रातलं काही म्हटलं असतं, मग रडले असते, आणि शेवटी तिनेच माझी समजूत घातली असती. मला तेवढी कला होती. वहीत ते जमेना. मी लिहिलं: 'तुझ्या आईला मी पाप विचारलं होतं. माझं चुकलं. माफ कर.'

रूथने वाचलं. वही मांडीवर ठेवली.

"मी तिथेच स्टुलावर बसलेले, काकू," ती म्हणाली. "तू गेल्यावर आई रोज आठवायची, आपण काय केलं असेल. शेवटी तिला एक सापडलं. लहानपणी चर्चच्या पाळकसाहेबांच्या अंगणातले पेरू चोरलेले. त्याची तिने माफी मागितली, माझ्यासमोर. मग मला म्हणते, बघ हं रूथ, आता मी बरी होणार."

मी वहीतल्या 'माफ कर'वर बोट ठेवलं.

"माफीचं मला नको विचारूस. ती आईची गोष्ट आहे, मी तिच्या वतीने कशी देऊ? पण तुझ्यासाठी प्रार्थना करते. मला तुझ्यासारखी लांबलचक नाही येत हां." तिने माझ्या गळ्यावर हात ठेवला. "प्रभू, काकूला बरं कर. आमेन. पेज घे, गार होतेय."

चाळिशीत असते, तर मी ही प्रार्थना अर्धवट म्हणून परत करायला लावली असती.

रिपोर्ट कॅन्सरचाच आला. मग रेडिएशन, म्हणजे किरणांचे शेक, आठवड्यातून पाच दिवस, साडेसहा आठवडे. मान हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा आवळतात. गळ्याची कातडी काळवंडते, थुंकी गिळताना काच गिळल्यासारखं वाटतं. हे सगळं संपतं, एवढं लक्षात ठेवा. आणि आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर सरळ घशाच्या डॉक्टरकडे जा. रिपोर्ट आला त्या रविवारी चिठ्ठी मी माझ्या नावाने दिली. वाचली दुसऱ्या कुणीतरी.

आता तपासणीत डाग दिसत नाही. हे यंत्राने झालं की प्रार्थनेने, असं मला विचारतात. मी विचारत नाही. शांताने माझ्यापेक्षा जास्त विश्वासाने मागितलं होतं, तिला मिळालं नाही. माझ्याकडे याचं उत्तर नाही, आणि 'उत्तर नाही' असं म्हणायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

परवा घाटकोपरला हॉस्पिटलात तपासणीसाठी बाकावर बसले होते. शेजारच्या बाईच्या गळ्यावर शेकाच्या ताज्या खुणा होत्या. मुंबईतच वाढलेली, जेमतेम पन्नाशीची. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, मी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही. मग मलाच का? माझं काय चुकलं असेल हो?"

"काही नाही गं," मी म्हणाले. माझा आवाज आता खरवडल्यासारखा येतो, तिला नीट ऐकू गेलं नाही. तिने कान जवळ आणला.

"काही नाही चुकलं तुझं," मी पुन्हा म्हणाले.

शांताला एवढंच सांगायला हवं होतं. तेव्हा माझा आवाज चांगला खणखणीत होता.