आरशावरची पाच बोटं

सूर्यात हायड्रोजनची केंद्रकं जुळून जी ऊर्जा निघते, तीच पृथ्वीवर मिळवू पाहणाऱ्या यंत्राचं पोट आतून पुसणं, हे आमच्या काकांचं काम. तिथे बोटाचा एक तेलकट ठसा राहिला, तरी आतला तापलेला वायू बिघडून थंड पडतो. मग काका अख्खी प्रयोगशाळा डोक्यावर घेतात.

काकू गेल्यानंतर मी त्यांचं घर आवरायला गेले. आरशावर पाच बोटं उमटलेली दिसली, म्हणून फडकं उचललं. वाटलं, काका खूश होतील.

“खबरदार हात लावशील तर!” काका खेकसले. मग हळूच म्हणाले, “आजारपणात ती तिथेच हात टेकायची.”

काका रोज मान वाकडी करून उरलेल्या काचेत दाढी करतात आणि गाल कापून घेतात.