वरचं पुसायचं नाही

पारनेर तालुक्यातलं आमचं बाजाराचं गाव. एसटी थांबायची तिथंच वाचनालय, आणि त्याच्या भिंतीवर काळा फळा. वर आजचा सुविचार, खालचा भाग मोकळा. ज्याला जे लिहायचं ते त्यानं तिथं लिहावं. नियम एकच होता: दुसऱ्याचं लिहिलेलं दिवस मावळेपर्यंत पुसायचं नाही. पटलं नाही तर खाली उत्तर लिहा. नव्वदनंतरची काही वर्षं मी वाचनालयाच्या कमिटीवर होते. शाळेत शिक्षिका, कमिटीत एकटी बाई, त्यातून ख्रिस्ती. मीटिंगला चहा कोणी करायचा, हे कधी विचारावं लागलं नाही.

फळ्यावर रोज लिहायचा तो एक रिटायर झालेला कंडक्टर. कमिटीत तोही होता. जिभेला हाड नाही असा माणूस. तलाठी, डॉक्टर, पुजारी, आमचे हेडमास्तर, कोणाला सोडायचा नाही. एसटीची वाट बघत लोक वाचायचे आणि खो खो हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

मग नाताळच्या तोंडावर एका सकाळी त्यानं आमच्यावर लिहिलं. 'पावडरीच्या डब्यासाठी देव बदलला. डबा रिकामा झाला, आता काय बदलणार?' माझ्या वर्गातली मुलं ते मोठ्यानं वाचत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या आजीला या गावानं विहिरीला हात लावू दिला नव्हता, म्हणून तिनं देव बदलला. मिशनवाले वाटायचे ती दुधाची पावडर तिनं जन्मात पाहिली नव्हती.

आमच्या वस्तीत बातमी पोचायला कितीसा वेळ लागणार? दुपारी माझा थोरला भाऊ, दादा, ओला फडका घेऊन फळ्यासमोर हजर. मी आडवी उभी राहिले.

"बाजूला हो," दादा म्हणाला. "आपल्या आजीला शिव्या दिल्यात त्यानं."

"दिल्यात. पण आज तू पुसशील, उद्या दुसरा कोणी येईल पुसायला. मग आपण काही लिहिलं तर ते कोण राहू देईल?"

"तुझी अक्कल शाळेत चालव," एवढं बोलून दादानं फडका माझ्या पायाशी टाकला. त्या नाताळला तो आमच्याकडे जेवायला आला नाही. चर्चमध्ये बायकांनी माझ्याशेजारची जागा रिकामी ठेवली. पाळकसाहेब तेवढे म्हणाले, "क्षमा वेगळी आणि लाचारी वेगळी, बाई." लाचारी! ते मला अजून लागतं.

मी खाली खडूनं लिहिलं होतं: 'पावडर केव्हाच संपली. आम्ही अजून इथंच आहोत. का, ते घरी येऊन विचारा.' विचारायला कोणी आलं नाही. कंडक्टरनं वाचलं आणि म्हणाला, "झ्याक लिवलंय बाई." जसं काही आम्ही दोघं सोंगट्या खेळत होतो. सेक्रेटरी म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका हो बाई, गंमत असते."

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आधी गावच्या पुढाऱ्याच्या, म्हणजे साहेबांच्या, बंगल्यावर रिकामा व्हायला लागला. उरलंसुरलं गावाला. कंडक्टरनं लिहिलं, 'साहेबांच्या ढेरीला टँकर, गावाच्या नरड्याला तांब्या.' दिवस मावळायची वाट कोण बघतो! साहेबांच्या माणसांनी तासाभरात फळा धुऊन काढला. संध्याकाळी कमिटीची मीटिंग. तेच सेक्रेटरी, चेहरा सुतकी करून म्हणाले, "लोकांच्या भावना दुखावल्यात. फळा काढून टाकावा."

मी म्हणाले, "आमच्या वेळी गंमत होती ना?"

मी पुष्कळ बोलले. कंडक्टरचं लिहिणं घाण असतं, मला त्याचा राग येतो, पण नियम माझ्या आजीच्या वेळी होता तर साहेबांच्या ढेरीच्या वेळीही पाहिजे, असं सगळं. चहा तेवढ्यात गार झाला. मग सेक्रेटरींनी फळा काढण्याच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. माझा सोडून सगळे हात वर झाले. कंडक्टरचाही. त्याचा मुलगा साहेबांच्या पतसंस्थेत नुकताच चिकटला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, तो पंख्याकडे.

ही गोष्ट दादाच्या कानावर गेली तेव्हा तो इतका हसला, की त्याला ठसका लागला.

फळ्याच्या जागी काचेची पेटी आली, कुलूपवाली. आत साहेबांच्या सत्काराचे फोटो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात साहेबांच्या पुतण्याचं लग्न निघालं आणि टँकर मांडवाकडे वळला. आमच्या वस्तीला पाणी नाही, कंडक्टरच्या आळीलाही नाही. शाळा सुटल्यावर मी एसटी स्टँडवर आले. खडू हातातच राहिला होता. कंडक्टर रिकामी कळशी घेऊन पेटीसमोर उभा होता.

"बाई, तुमी कायतरी लिवायला पायजे," तो म्हणाला. "तुमच्या हाताला वजन हाय."

"कुठं लिहू?" मी विचारलं. माझा आवाज चढला असणार. "काचेवर लिहू? का तुमच्या त्या वर केलेल्या हातावर लिहू?"

त्यानं आधी मागं पाहिलं, मग साहेबांच्या फोटोकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "जरा हळू बोला. कुनी ऐकंल."