डोळा आधी कुठे गेला?

"डावीकडचं कापा म्हणते ना मी!"

"नाही कापणार."

"अहो, फोटोत बगळा बघा कसा उभाय. मधोमध, मान ताठ. व्हिसाला चाललाय का तो?"

"चालू दे की. तुझं काय जातं?"

"माझं नाही, दुकानाच्या काचेचं जातं!"

मी दारातच थबकले. मामा-मामीचं भांडण ऐकतच मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे मधे पडायचं नसतं एवढी अक्कल मला आहे. पर्स ठेवली आणि फिरत्या स्टुलावर बसले.

मामाचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ. पुढच्या खोलीत हे स्टूल, मागे राखाडी पडदा, दोन्ही बाजूंना दिवे. पडद्यामागच्या आतल्या खोलीत मामीचं राज्य, म्हणजे टेबल आणि कटर. मामा फोटो काढायचा, मामी कापायची. जन्मभर तेच केल्यामुळे दोघांच्या नजरेला खोड लागली होती. मामा दिसेल ते मधोमध ठेवायचा आणि मामी दिसेल त्याच्या कडा छाटायची. सुट्टीच्या दिवशी दोघं तळ्यावर जायची. मामा तिथं बदकालासुद्धा "हनुवटी जरा खाली" म्हणायचा!

शाळा सुटली की मी इथंच यायचे. तळ्यावर काढलेले नवे फोटो टेबलावर पसरलेले असायचे. मामी पुठ्ठ्याचे दोन काटकोन फोटोवर ठेवून सरकवत राहायची. चौकट लहान होई, मोठी होई, आणि आतलं झाड कधी गुदमरे, कधी मोकळा श्वास घेई. मग मला विचारायची, "बोल."

"छान आहे."

"छान चहा असतो. डोळा आधी कुठे गेला ते सांग. मग कुठे अडखळला ते सांग. आणि मग काय केलं तर अडखळणार नाही ते सांग. नुसतं खुपतंय म्हणून निघून जायचं नाही."

या चाळणीतून मामाचा एकही फोटो कधी पार झाला नाही. दुकानाच्या काचेत कायम गिऱ्हाइकांचे चेहरे. नवरा-नवरी, पदवीची टोपी घातलेली मुलं, दात दाखवणारं कुणाचं तरी बाळ. आता महिनाअखेरीस दुकान बंद होणार होतं. पासपोर्टचे फोटो लोक घरबसल्या फोनवर काढतात. शेवटचे काही दिवस तरी त्या काचेत आपला स्वतःचा एक फोटो असावा, एवढीच मामाची इच्छा होती. त्यासाठी त्यानं जुना बगळा शोधून काढला होता.

"लोक हसतील," मामी म्हणाली.

"लोक काचेत फोटो बघत नाहीत गं. स्वतःचे केस बघतात."

"मग बगळा कशाला? आरसाच लावा! आणि डावीकडे माझी छत्री घुसलीय, अर्धवट. निदान ती तरी कापा."

"छत्री राहणार."

"का पण?"

मामा माझ्याकडे वळला. "तू सांग, पोरी. आणि छान म्हणालीस तर याद राख."

मी आत जाऊन टेबलावरचे काटकोन उचलले. मामीनं सांगितलं तशी डावी बाजू झाकली. बगळा खरंच सुटसुटीत झाला, त्याच्या चोचीपुढं पाणी पसरलं. फोटो नेटका झाला आणि तरी काहीतरी विझलं.

"मामा, माझा डोळा आधी छत्रीवर जातो. काळी आहे ना, आणि जवळ. तिथून बगळ्याकडे जातो आणि पुन्हा मागे येतो. ही छत्री कुणी धरलीय, हेच शोधत बसतो. तिथं अडखळतो."

"बघा!" मामी म्हणाली. "म्हणूनच म्हणते, कापा."

"नाही मामी. कापून नाही चालणार. मामा, याच्या डावीकडे आणखी काही होतं का?"

मामानं कान खाजवला नाही की विनोद केला नाही. खालच्या खणातून पिवळं पडलेलं पाकीट काढलं आणि त्यातली मोठी प्रत टेबलावर ठेवली. न कापलेली. बगळा मधोमध यावा म्हणून डावीकडचा मोठा तुकडा त्यानं त्या वेळी स्वतःच उडवला होता.

त्या तुकड्यात मामी होती. घोट्यापर्यंत पाण्यात, चपला एका हातात. लेन्सवर ऊन येऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं छत्री पुढं धरलेली. वेणी पाठीवर. श्वास रोखून बगळ्याकडे बघणारी. आणि पलीकडे, आता बराच उजवीकडे गेलेला बगळा.

कुणीच मधोमध नव्हतं. मधे नुसतं पाणी होतं.

"इथं नाही अडखळत," मी म्हणाले.

मामी चष्मा वर करून वाकली.

"आता सांग," मामा तिला हळूच म्हणाला. "काय खुपतंय? लावू का हा काचेत?"

मामी सरळ झाली. कटरचं पातं खाली दाबून तिनं खटका लावला, दोन्ही काटकोन पिशवीत टाकले आणि राखाडी पडदा बाजूला सारून रस्त्यावर, काचेत हा फोटो कुठे बसेल ते बघायला निघून गेली.