बेचाळीस नंबरची वरची तोटी

तेलाच्या टाकीत तळाला गाळ साचतो. कोणी मुद्दाम घालत नाही, तरी साचतोच. माझ्याकडचे किस्से तसेच. बायको म्हणते, "ढवळू नका." पण ढवळल्याशिवाय मला जेवण पचत नाही!

उभा जन्म गुजरातेतल्या तेलविहिरींवर नट-बोल्टचे पाने फिरवले. आता मुलाकडे मोहालीत असतो. त्याचं ऑफिस चंदीगडला, सेक्टर ३४मध्ये. तिथली पोरं माझ्याच म्हाताऱ्या विहिरी कॉम्प्युटरवर सांभाळतात. एकदा मुलाचा विसरलेला डबा द्यायला गेलो, तो रोजच जायला लागलो. इमारतीत खाली सगळे कोचिंग क्लास. वॉचमनने अडवलं, "अंकल, किसका एडमिशन?"

"मेरा ही," म्हटलं. "आठवीं में अटका हूँ!"

त्याने हातात फॉर्म दिला हो!

*

ऑफिसात पुण्याचा अमेय नवा आलेला. पडद्यावर विहिरीचा पंप दिसतो, घोड्याच्या मुंडक्यासारखा वर-खाली हलणारा. मी तोंड गंभीर करून सांगितलं, "याला काहीही विचार. खरं तेच सांगतो."

अमेय हळूच म्हणाला, "प्रमोशन होईल?" पंपाने मान डोलावली. गडी खूश!

मी मागून विचारलं, "आणि हा बायकोला घाबरेल?" पंप डोलतोच आहे!

तेव्हापासून अमेय पडद्याकडे पाठ करून बसतो.

*

सायली आमची नागपूरची, इंजिनीयर. विहीर म्हातारी झाली, नुसतं पाणी ओकायला लागली, तरी तिला जगवायची हे हिचं काम. साधं पाणी आत ढकललं तर ते तेलाला बगल देऊन पळतं. म्हणून शेजारच्या विहिरीतून पॉलिमरची पावडर घातलेलं घट्ट पाणी ढकलायचं. ते खडकात अडकलेलं तेल रेटत आणतं.

घरी जेवायला आली तेव्हा अर्धा तास हे सगळं माझ्या बायकोला समजावत होती. बायको शेवटी म्हणाली, "म्हणजे कढीला बेसन लावायचं. एवढ्यासाठी इतकी वर्षं शिकलीस?"

पुढच्या मीटिंगमध्ये गिलसाहेबांनी, म्हणजे ऑफिसच्या मुख्यांनी, पाहुण्यांना कढीच सांगितली. म्हणे, पहिल्यांदाच कोणी झोपलं नाही!

*

बेचाळीस नंबरची विहीर माझी लाडकी. माझी तिथून बदली झाली तेव्हा नवा ऑपरेटर होता रणछोड. आज तोही रिटायर व्हायला आलाय. फोनवर मला कायम एका मोठ्या साहेबांचं कौतुक ऐकवायचा. एरवी सँपलच्या बाटलीत पाणीच पाणी, पण हे साहेब विहिरीवर आले की बाटली काळी! असा पायगुण! गावकरी हार घालायचे. साहेबही पुढेपुढे डावा पाय आधी टाकायचा नाही म्हणून जीपमधून उलटे उतरायचे!

*

आता हे ऐका. सायलीने घट्ट पाणी सोडलं ते बेचाळीसच्याच शेजारी. तिचं पहिलंच स्वतःचं काम. महिने गेले, बाटलीत पाणीच. गिलसाहेब म्हणाले, "बेटा, सोमवार तक देखेंगे. फिर सिमेंट."

सिमेंट म्हणजे विहीर कायमची बंद. पोरगी जेवेना. मला म्हणाली, "काका, माझं गणित कुठं चुकून राहिलं, तेच समजत नाही."

शुक्रवारी तिने रणछोडला व्हिडिओ कॉल लावला. "मेरे सामने सँपल लो." मी शेजारी पोळी खात होतो. बघतो तर रणछोड कंबर मोडून पाइपाखालच्या तोटीतून बाटली भरतोय!

पोळी तिथेच खाली ठेवली.

पाइपाला दोन तोट्या. पाणी जड, खाली बसतं. तेल वर तरंगतं. पण रणछोडच्या पहिल्या दिवशी त्याला गमतीने उगाच वाकवायचा म्हणून मीच सांगितलं होतं, "वरची तोटी साहेब लोकांची. आपण खालचीच उघडायची." संध्याकाळी खरं सांगणार होतो. दुपारी बदलीचा कागद आला, ते राहूनच गेलं!

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. सायलीचं तोंड बघितलं आणि गिलसाहेबांसमोर सगळं ओकलो. मला वाटलं, संपली आपली खुर्ची.

सायली फोनवर ओरडली, "रणछोडभाई, ऊपरवाला खोलो!"

रणछोड हलेना. "नाना का हुकुम है."

"अरे, मीच नाना! खोल!"

त्याने उघडली. बाटली काळीभोर. सायली पडद्याला नाक लावून बघत होती, हसत की रडत, कळेना.

गिलसाहेबांनी फोन हातात घेतला. "रणछोडभाई, इतने साल में ऊपरवाला कभी खोला ही नहीं?"

"खोलता हूँ ना, साहब," रणछोड म्हणाला. "जब बड़े साहब आते थे, हर बार खोलता था!"

गिलसाहेब म्हणाले, "ठीक है. आज से समझो, सायली मैडम रोज आ रही हैं."