अल्सासच्या मळ्यात लुईजानं तसबीर उतरवली नाही

फ्रान्सहून परतल्यापासून सोलापुरात सात रस्त्यावर भेटेल तो एकच विचारतो, "काय राव, किती ढोसली?" प्यालो मी, लपवत नाही. पण ज्या मुलखात माणसं उभ्या चढावर कंबर मोडून वर्षभर राबतात, त्याची ओळख आपल्याकडे 'दारुड्यांचा देश' एवढीच असावी, याचा मला संताप येतो. म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्या गिरणीनं मला कापड रंगवण्याचं शिक्षण घ्यायला म्यूलूझला पाठवलं होतं. फ्रान्सच्या पूर्व कडेला अल्सास प्रांत आहे, त्यातलं हे गिरण्यांचं शहर. भोंगे, धूर, पाळीला धावणारी माणसं; सोलापूरच म्हणा, फक्त थंडीनं गारठलेलं. मार्थाबाई नावाच्या विधवेकडे मी खोली घेऊन राहत होतो. ऑक्टोबरात त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीकडे द्राक्षांची तोडणी आहे, चला. खरा अल्सास या धुरात नाही, डोंगराच्या पायथ्याला आहे."

जाणाऱ्यांसाठी सांगतो. म्यूलूझहून कोलमारला आगगाडीचा तिसरा वर्ग पुरे. बाकं लाकडी, पण स्वच्छ. कोलमारात उतरून तडक पुढे पळू नका. लाकडी तुळयांच्या आडव्यातिडव्या नक्षीची घरं, कुणी पिवळं, कुणी गेरूच्या रंगाचं, आणि त्यांच्या पायाशी कालव्याचं पाणी. तिथून पुढे डोंगराकडे लहानशी मोटार जाते, ती सकाळचीच गाठावी. खानावळीत कांद्याची खमंग पोळीसारखी भाकर मिळते. झकास लागते, पण तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. चालत नसेल तर आधी विचारा; मी विचारलं नव्हतं.

भाषेचं म्हणाल, तर हा प्रांत महायुद्धापर्यंत जर्मनीत होता, नंतर फ्रान्सकडे आला. कचेऱ्या फ्रेंच झाल्या, घरातली बोली जर्मन वळणाची राहिली. रंगांची पुस्तकं जर्मनमध्ये असल्यानं मला ती भाषा मोडकीतोडकी येत होती. त्यावर निभावलं.

मार्थाबाईंची बहीण लुईजा दारातच उभी होती. रुंद खांदे, रापलेला चेहरा, हात द्राक्षांच्या चिकानं काळे. तीही विधवाच. तिनं नमस्कार-चमत्कार न करता माझ्या हातात कात्री दिली. दिवसभर आम्ही घड कापले. चढ असा की पाय घसरला तर थेट खालच्या रांगेत. मी तिला म्हणालो, "इथे पाऊस फार नसावा." ती अभिमानानं म्हणाली, "नाहीच! डोंगर अडवतो. म्हणून तर द्राक्षं गोड." मला हसू आलं. आमच्याकडे कमी पावसाला लोक कपाळ बडवतात, इथे त्याची फुशारकी.

संध्याकाळी नुकताच आंबू लागलेला गढूळ रस, ताजे अक्रोड आणि भाकरी. मग तळघरात नेऊन तिनं गेल्या सालची वाइन पाजली. एक कैरीच्या फोडीसारखी स्वच्छ आंबट, दुसरीला चक्क गुलाबाचा वास. ती प्रत्येक पिंपावर हात ठेवून बोलायची, आमची आई मेंढरांच्या पाठीवर ठेवते तसा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी पॅरिसचा एक व्यापारी आला. वर्षाचा सगळा माल तोच घेणार होता. त्यानं वाइन चाखली, मान डोलावली. मग त्याची नजर भिंतीवरच्या तसबिरीकडे गेली. लुईजाचा नवरा, जर्मन सैन्याच्या गणवेशात. तो लढाईत मेला होता.

व्यापारी फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला. मार्थाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला हळूच अर्थ सांगितला, "म्हणतो, आधी हे चित्र उतरवा, मग पिंपांचं बोलू. आमच्यावर गोळ्या झाडणाऱ्याच्या घरातला माल मी नेणार नाही."

"त्याला विचारलं होतं का कुणी, कुठल्या बाजूनं लढतोस म्हणून?" लुईजा म्हणाली. "सरकार ज्यांचं होतं त्यांनी नेला."

माझ्यानं राहवलं नाही. मी मार्थाबाईंना म्हणालो, "यांना सांगा, माझा थोरला भाऊ सिद्राम त्याच महायुद्धात इंग्रजांच्या गणवेशात, तिकडे इराकात बसऱ्याला मेला. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं."

त्यांनी सांगितलं. व्यापारी उठला आणि हसून माझा हात हातात घेऊ लागला. "मग तो आपल्या बाजूचा! शाब्बास!"

मी हात ओढून घेतला. आपल्या बाजूचा! मोहोळच्या रानात मेंढरं राखणारा पोरगा, त्याला बाजू किती असतात हेही ठाऊक नव्हतं. दुष्काळात घरात एक तोंड कमी व्हावं म्हणून तो गेला होता. आजही तो 'शाब्बास' आठवला की माझं डोकं फिरतं.

लुईजानं टेबलावरचे पेले उचलले. "तसबीर राहील," ती म्हणाली. "पिंपंही राहू द्या." तो गेला. कोलमारच्या एका खानावळवाल्यानं पुढे थोडी पिंपं घेतली. बाकीची मी निघेपर्यंत तळघरातच होती.

त्या दुपारी ती मला गावच्या चर्चपुढच्या दगडाकडे घेऊन गेली. त्यावर फक्त 'आमच्या मृतांना' असं कोरलं होतं, आणि खाली नावं. कुणासाठी मेले, ते लिहिलेलं नव्हतं. "काय लिहिणार?" ती म्हणाली. "पण नावं मात्र आम्ही सगळी लिहिली."

परत आल्यावर मी मोहोळजवळच्या आमच्या गावी गेलो. चावडीच्या भिंतीत सरकारनं बसवलेला दगड आहे. लहानपणापासून पाहिलेला, पण कधी नीट वाचला नव्हता. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके कामी आले. संपलं. नुसता आकडा! बाजारात मेंढरं मोजावीत तसा.

मी पाटलांकडे गेलो. म्हणालो, "नावं कोरायची आहेत."

"सरकारी दगड हाय त्यो," पाटील म्हणाले. "हात लावता येत न्हाय. कुनी इच्यारलं तर जाब कुनी द्यायचा?"

आई माझ्यामागे उभी होती. डोक्यावरचा पदर सावरत ती पुढे आली. "ऱ्हाऊ द्या की दगड सरकारचा. भिंत गावाची हाय न्हवं?"

मी गवंड्याला बोलावलं. दगडाच्या बाजूचा चुना त्यानं साफ केला, मी अक्षरं आखून दिली. 'सिद्राम' कोरून होईपर्यंत आई तिथून हलली नाही. मग दोन बाया आल्या. एक म्हणाली, "माज्या मालकाचं बी घाल." दुसरी म्हणाली, "आमचा भीमा. तुमी लेकरं हुता तवा लढाईवर गेला. त्येचं बी नाव लिव्हा."

सगळी नावं झाली तेव्हा आई म्हणाली, "सिदूचं कुटलं ते दाव." मी तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं.

पाटलांनी तालुक्याला कळवलं आहे म्हणे. साहेब चौकशीला येणार. येऊ देत. भिंतीला हात लावण्याआधी प्रत्येक नाव त्यांना मोठ्यानं वाचायला लावणार आहे, आणि त्या वेळी आईला पुढे बसवणार आहे.